मुंबईच्या दमट हवेत कार्पेट धुताना : नव्या व्यावसायिकांसाठी वाळवण्यापासून सुरू होणारे मार्गदर्शन

कार्यालये, हॉटेले, बँक्वेट हॉल आणि मोठी घरे यांमधील कार्पेट स्वच्छ करण्याचा व्यवसाय मुंबई, ठाणे, नवी मुंबई या पट्ट्यात नव्याने सुरू करणाऱ्याला यंत्र कोणते घ्यावे आणि रसायन कोणते वापरावे याची माहिती विक्रेत्यांकडून पुष्कळ मिळते. वाळवण्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. प्रत्यक्षात किनारपट्टीवर ग्राहकाच्या ज्या तक्रारी येतात त्यांतील बऱ्याच तक्रारींचे मूळ तिथेच असते. दुसऱ्या दिवशी येणारा कुबट वास, गेलेला डाग पुन्हा वर येणे, कडांना आलेली तपकिरी छटा आणि पायाखाली जाणवणारा चिकटपणा ही सगळी कार्पेट फार वेळ ओले राहिल्याची किंवा त्यात साबण उरल्याची लक्षणे आहेत. म्हणून पुढे कामाचा क्रम सांगताना प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न धरून ठेवला आहे : आत्ता कार्पेटमध्ये घातलेले पाणी इमारतीबाहेर कोणत्या वाटेने जाणार?

हवेचा हिशेब आधी

तीस अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत ती सहज असते, तर त्यांपैकी जवळजवळ २६ ग्रॅम जागा आधीच भरलेली असते. आता ३०० चौरस फुटांची आणि ९ फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात साधारण ७६ घनमीटर हवा असते. दारे-खिडक्या बंद असतील तर ती सगळी हवा मिळून आणखी साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जेमतेम दीड पेला पाणी सामावून घेऊ शकते. उलट अशा खोलीतील कार्पेट गरम पाण्याच्या एक्स्ट्रॅक्शन यंत्राने (कार्पेटमध्ये गरम पाणी सोडून ते मळासकट पुन्हा ओढून घेणाऱ्या यंत्राने) धुतल्यावर त्यात दहा-बारा लिटर पाणी सहज मागे राहते. बंद खोलीत चार ब्लोअर लावून रात्री निघून जाणारा कामगार कितीही कष्टाळू असला तरी त्या पाण्याला जायला जागाच उरलेली नसते. पावसाळ्यात घरात दोरीवर घातलेले कपडे पंख्याखाली दोन दिवस ठेवूनही सादळलेलेच राहतात, तोच हा प्रकार आहे.

मोसमी पाऊस मुंबईत सरासरीने ११ जूनच्या सुमारास येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. या चार महिन्यांत ‘खिडक्या उघडा, म्हणजे लवकर वाळेल’ हा सल्ला बहुधा चुकीचा ठरतो, आणि वातानुकूलित जागेत तर तो निश्चितच अपायकारक असतो. बाहेरची हवा ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेची असेल तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला थंड झाल्यावर हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो अंश, २७ अंशांच्या आसपास असतो. एसीमुळे २४ अंशांपर्यंत थंड झालेल्या फरशीला, काचेला आणि कार्पेटला ती हवा लागली की तिच्यातले पाणी तिथेच उतरते. म्हणजे आपण वाळवण्यासाठी खिडकी उघडतो आणि खोलीत आणखी ओल आणतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात उत्तरेकडून कोरडे वारे येतात तेव्हा गोष्ट वेगळी असते. दुपारी ३० अंश आणि ४५ टक्के आर्द्रता असलेली हवा तेवढ्याच जागेत जुलैतल्या हवेच्या साडेतीन पट पाणी घेऊ शकते, आणि समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या तर यंत्राविना उत्तम काम होते.

हे अंदाजाने ठरवू नये. तापमान आणि आर्द्रता दाखवणारे डिजिटल हायग्रोमीटर स्वस्तात मिळते. अशी दोन जवळ ठेवावीत, एक खोलीत आणि एक गच्चीवर किंवा बाल्कनीत. नुसत्या टक्केवारीची तुलना मात्र फसवी असते, कारण तापमान बदलले की त्याच बाष्पाची टक्केवारी बदलते. दोन्ही ठिकाणचे तापमान आणि आर्द्रता घेऊन दवबिंदू काढावा. मोबाइलवरच्या साध्या गणकयंत्रांनी तो क्षणात कळतो. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा स्पष्टपणे कमी असेल तरच खिडकी उघडावी, एरवी बंद ठेवावी. नवशिक्याने इतर काही लक्षात ठेवले नाही तरी हा एक नियम लक्षात ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

पाहणी : काम घेण्यापूर्वी

पाहणीला जाताना कार्पेटचा धागा ओळखणे हे पहिले काम आहे, कारण किती पाणी धरून ठेवले जाईल हे त्यावर ठरते. लोकर सर्वसाधारण हवेतही आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के ओलावा बाळगून असते आणि ३० टक्क्यांपर्यंत पाणी घेऊनही हाताला ओली लागत नाही. कापूस ८ टक्क्यांच्या आसपास, नायलॉन ४ टक्के, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी, आणि पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ काहीच नाही. दिसणाऱ्या कडेखालून दोन-तीन तंतू काढून पाण्यात टाकले तर पॉलिप्रॉपिलीन तरंगते, नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात. जळताना केसांसारखा वास आला आणि बोटाने चुरडली जाणारी राख उरली तर लोकर समजावी. ही चाचणी ग्राहकाच्या परवानगीने आणि खोलीबाहेर करावी.

धाग्याइतकेच महत्त्व कार्पेटच्या पाठीला, म्हणजे खालच्या बाजूच्या थराला आहे. कार्यालयांतील कार्पेट टाइलची पाठ बहुधा प्लास्टिकची असते आणि पाणी वरच्या लवेतच, म्हणजे तंतूंच्या थरातच, राहते. भिंतीपासून भिंतीपर्यंत घातलेल्या जुन्या कार्पेटची पाठ तागाची असू शकते, आणि खाली फेल्टचे किंवा फोमचे अस्तर असते. ताग पाणी पितो आणि हळू सोडतो. तो सावकाश वाळू लागला, विशेषतः अल्कली रसायनाने भिजलेला असताना, की त्यातील तपकिरी रंगद्रव्य पाण्याबरोबर लवेच्या टोकाशी येऊन बसते. भदोही किंवा काश्मीरचा हाताने विणलेला गालिचा असेल तर ताणा (उभे धागे) बहुधा सुती असतो (काश्मिरात कधी रेशमीही), रंग कच्चे असू शकतात, आणि तो जागेवर धुण्याचे काम नवशिक्याने घेऊच नये. तो कार्यशाळेत नेऊन, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असा टांगून वाळवण्याचा विषय आहे.

तिसरी तपासणी म्हणजे कार्पेट आधीच ओले आहे का, ही. तळमजला, पश्चिमेकडची पाऊस झेलणारी भिंत, बाथरूमला लागून असलेला कोपरा आणि एसीच्या पाण्याचा पाइप जातो ती जागा येथे कडा उचलून पाहावी. ओलावा मोजण्याचे यंत्र असेल तर त्याने खोलीच्या मध्यभागाशी तुलना करावी. भिंतीतून पाणी झिरपत असेल तर सफाईने काही साधत नाही, आधी गळती थांबवावी लागेल हे ग्राहकाला स्पष्ट आणि लेखी सांगावे.

समुद्राजवळच्या इमारतींत आणखी एक गोष्ट असते. वाऱ्याबरोबर आणि चपलांबरोबर आलेले मीठ लवेत साठते, आणि सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळू लागते. मरीन ड्राइव्ह किंवा वरळीच्या समुद्राकडे तोंड असलेल्या जागेत कार्पेट ‘धुतल्यानंतरही ओलसर लागते’ असे ऐकू आले तर राहिलेले मीठ हे एक कारण असू शकते. अशा ठिकाणी अधूनमधून पूर्ण एक्स्ट्रॅक्शन करून मीठ बाहेर काढावेच लागते, वरवरच्या सफाईने भागत नाही.

पुराचे पाणी आलेले कार्पेट या लेखाच्या कक्षेत येत नाही, तरी एवढे सांगणे आवश्यक आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा तळमजल्यांत जे पाणी शिरले त्यात गटाराचे पाणी मिसळलेले होते. अशा पाण्यात भिजलेले कार्पेट आणि त्याखालचे अस्तर धुऊन परत वापरायला देऊ नये, काढून टाकावे. ग्राहक कितीही आग्रह करो, हे काम नाकारावे.

पद्धत निवडणे

कमी पाण्याच्या पद्धतींत दमट हवेसाठी सर्वांत उपयोगी म्हणजे इनकॅप्सुलेशन. यातील द्रावणात असे पॉलिमर असतात की वाळल्यावर ते मळाभोवती ठिसूळ कण बनवतात आणि पुढच्या व्हॅक्युमला ते मळासकट निघून येतात. साधारण ८० ते १०० चौरस फुटांना एक लिटर द्रावण पुरते, म्हणजे वर घेतलेल्या खोलीत सगळे मिळून तीन-चार लिटरच पाणी जाते. वातानुकूलित कार्यालयात कृत्रिम धाग्याचे कार्पेट असेल तर एक-दोन तासांत त्यावर चालता येते. पावसाळ्यात कार्यालयांची नियमित कामे याच पद्धतीने करावीत. मात्र चहा सांडलेला कोपरा, उलटी, पाळीव प्राण्याची घाण किंवा वर सांगितलेले मीठ यांवर ती अपुरी पडते. तिथे मळ आवरणात गुंडाळून भागत नाही, पाण्याने धुऊन बाहेर ओढावा लागतो.

एकचकती यंत्राखाली सुती बॉनेट (गोल पॅड) लावून पुसण्याची पद्धत झटपट असते, पण ती वरचा मळच उचलते, आणि बॉनेट वेळेवर बदलला नाही तर मळ पसरवते. हॉटेलच्या लॉबीत दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेसाठी ती ठीक आहे. जुन्या पद्धतीने भरपूर फेस करून शाम्पू करणे मात्र किनारपट्टीवर पूर्णपणे सोडून द्यावे, असे माझे मत आहे. त्यात पाणीही जास्त जाते आणि उरलेला साबण दमट हवेत चिकट होऊन नवी धूळ धरतो.

गरम पाण्याचे एक्स्ट्रॅक्शन ही सर्वांत खोलवर स्वच्छता करणारी पद्धत आहे, आणि तिला घाबरण्याचे कारण नाही. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यानंतर हवा कोरडी झाल्यावर, ती करावी. दिवाळीपूर्वी सगळ्यांनाच काम हवे असते, पण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात हवा अजून जड असते. शक्य असेल तिथे ग्राहकाला नोव्हेंबर-डिसेंबरची तारीख घ्यायला सुचवावे आणि दिवाळीसाठी कमी पाण्याची सफाई करून द्यावी.

प्रत्यक्ष काम

पाण्याचा थेंब पडण्यापूर्वी खोली तयार करावी. एसी दोन तास आधी सुरू करून आर्द्रता ५० ते ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणावी. येथे मुंबईच्या व्यापारी इमारतींतील एक अडचण नवशिक्याला हमखास गाठते : काम शनिवारी रात्री असते आणि मध्यवर्ती वातानुकूलन कार्यालय सुटल्यावर बंद होते. म्हणून कामाच्या परवानगीच्या अर्जातच, गेट पास आणि मालवाहू लिफ्टच्या बरोबरीने, रात्रभर एएचयू (मध्यवर्ती वातानुकूलनाची थंड हवा खेळवणारे यंत्र) चालू ठेवण्याची मागणी लिहावी आणि त्याचा खर्च कोण देणार हे आधी ठरवावे. ही परवानगी मिळत नसेल तर एक्स्ट्रॅक्शन करू नये, इनकॅप्सुलेशन करावे किंवा स्वतःचे डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारी यंत्रे) न्यावेत.

त्यानंतर कोरडा व्हॅक्युम. कार्पेटमधल्या मळाचा मोठा भाग सुटी माती, वाळू आणि तंतू यांचा असतो, आणि तो कोरडा असतानाच निघतो. एकदा भिजला की चिखल होतो, त्याला काढायला जास्त पाणी लागते आणि जास्त पाणी म्हणजे जास्त वाळवणी. फिरता ब्रश असलेले उभे यंत्र वापरावे आणि येण्याजाण्याच्या वाटेवर ते सावकाश, दोन्ही दिशांनी, चार-चार वेळा फिरवावे. कामगाराला हा टप्पा उरकावासा वाटतो. त्याला त्यासाठी पुरेसा वेळ ठरवून द्यावा, कारण पुढचे तास इथेच वाचतात.

पूर्वफवारणी बेताने करावी, द्रावण लवेत उतरावे पण पाठीपर्यंत जाऊ नये. लोकरीसाठी ५ ते ८ पीएचचे रसायन, आणि डागरोधक नायलॉनसाठी १० च्या पुढे न जाणारे. दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यावे, आणि त्याच वेळात उलटसुलट फिरणाऱ्या ब्रशच्या यंत्राने लव चोळून घ्यावी. चोळल्याने जे सुटते त्यासाठी पाणी लागत नाही, हे या हवामानात फार मोलाचे आहे. फिनेल, कपड्यांची पावडर आणि धुण्याचा सोडा कार्पेटवर कधीही वापरू नये. इमारतीतील सफाई कर्मचारी ते आधीच वापरत असतील तर विचारून घ्यावे, म्हणजे धुताना निघणाऱ्या फेसाचे कारण कळेल.

एक्स्ट्रॅक्शन करताना पाणी सोडत एक हात फिरवला की त्याच पट्ट्यावरून पाणी न सोडता, नुसते ओढत, किमान दोन आणि लोकरीवर तीन-चार हात फिरवावेत. शेवटच्या कोरड्या हाताला नळीच्या पारदर्शक भागातून पाणी जाताना दिसत असेल तर आणखी एक हात घ्यावा. शेवटचे खळबळणे सौम्य आम्लधर्मी द्रावणाने करावे, त्याने अल्कलीचा परिणाम शमतो आणि तपकिरी छटेचा धोका कमी होतो.

या टप्प्याला एक मोजमाप करण्याची सवय लावून घ्यावी. स्वच्छ पाण्याच्या टाकीत किती लिटर भरले आणि घाण पाण्याच्या टाकीतून किती ओतले, याची नोंद ठेवावी. समजा ६० लिटर गेले आणि ४८ परत आले, तर १२ लिटर कार्पेटमध्ये आहेत आणि वाळवणीचे काम नेमके तेवढे आहे. परत येणारे पाणी ८० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर व्हॅक्युमचे रबर, नळीचे जोड आणि फिल्टर तपासावेत.

वाळवणी

आता ते १२ लिटर बाहेर काढायचे आहेत. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता लागते, आणि ती खोलीतूनच येते. म्हणून एसी १८ अंशांवर लावणे हिताचे नाही. त्याने कार्पेट थंड होते आणि पाणी सुटण्याचा वेग मंदावतो. २५-२६ अंश पुरेसे आहेत, आणि ‘ड्राय मोड’ असेल तर तो वापरावा. दीड टनाचा एसी दमट हवेत तासाला साधारण एक ते दोन लिटर पाणी काढतो. कॉम्प्रेसर बंद पडल्यावर पंखा चालूच राहिला तर कॉइलवरचे पाणी पुन्हा हवेत जाते, म्हणून पंखा ‘ऑटो’वर ठेवावा.

ज्याला ‘दिवसाला ५० लिटर’चे म्हणतात ते डिह्युमिडिफायर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला तासाला दोन लिटर काढते. हवा कोरडी होत जाते तसा हा आकडा घसरतो. आपल्या १२ लिटरसाठी एक एसी आणि असे एक यंत्र मिळून पाच-सहा तास धरावेत. यंत्राची पाण्याची नळी बाथरूमच्या जाळीत सोडावी. बादलीवर विसंबले तर ती मध्यरात्री भरते आणि यंत्र थांबते.

ब्लोअरचे काम निराळे आहे. कार्पेटलगत साचलेला ओल्या हवेचा पातळ थर ते हलवतात. भिंतीला साधारण २० ते ४५ अंशांचा कोन करून, सगळ्यांचे तोंड एकाच फेऱ्याने, दर दहा-बारा फुटांवर एक, असे ठेवावेत म्हणजे हवा खोलीभर गोल फिरते. समोरासमोर ठेवले तर मध्ये एक ओला पट्टा राहतो. डाग पुन्हा वर येण्याचे कारणही हळू वाळणे हेच असते. पाठीतले पाणी लवेच्या टोकाकडे चढते, मळ बरोबर आणते आणि टोकाशी उडून जाते. मोठ्या डागाच्या जागी म्हणूनच पांढरा टॉवेल आणि त्यावर वजन ठेवून द्यावे. उचलेल तो मळ टॉवेल उचलेल.

विजेचा विचार सुरुवातीलाच करावा. १६ अँपिअरच्या सॉकेटवर सुमारे ३,६०० वॉटपेक्षा जास्त भार घालता येत नाही, आणि एक्स्ट्रॅक्शन यंत्राचा हीटर व दोन मोटारी मिळूनच तो भरतो. ब्लोअर वेगळ्या सर्किटवर लावावेत, ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे स्विच) आहे याची खात्री करावी, आणि फरशीतल्या सॉकेटच्या पेट्यांभोवती ओले काम करू नये.

ताब्यात देणे

कार्पेट वाळले आहे हे हाताने ठरवू नये, लोकर तर मुळीच नाही. धुण्यापूर्वी घेतलेल्या ओलाव्याच्या आकड्याशी तुलना करावी. तो आकडा जिथे होता तिथे परत आला, आणि यंत्रे अर्धा तास बंद ठेवूनही खोलीची आर्द्रता वर चढली नाही, म्हणजे काम झाले. सहा ते आठ तासांत हे साधावे असे धोरण ठेवावे. २४ तासांची मर्यादा ओलांडली की बुरशीची शक्यता सुरू होते, आणि ४८ तासांनंतर ती गृहीत धरावी. लाकडी आणि लोखंडी फर्निचरच्या पायांखाली फोमचे तुकडे किंवा प्लास्टिकचे चौकोन ठेवावेत आणि ते दुसऱ्या दिवशी काढावेत, नाहीतर गंजाचे व पॉलिशचे डाग नव्याने पडतात.

इनकॅप्सुलेशन केले असेल तर दुसऱ्या दिवशीचा व्हॅक्युम हा सफाईचाच भाग आहे, तो दरपत्रकात वेगळा न दाखवता धरावा. दरपत्रक नुसत्या चौरस फुटांवर काढू नये. जूनमधले आणि जानेवारीतले काम यंत्रांच्या तासांच्या हिशेबाने सारखे नसते, आणि डिह्युमिडिफायर, ब्लोअर व रात्री थांबणारा माणूस यांचा खर्च त्यात दिसला पाहिजे. प्रत्येक कामाच्या कागदावर तारीख, धागा, आतली-बाहेरची आर्द्रता, भरलेले व परत आलेले पाणी आणि वाळायला लागलेले तास एवढे लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी त्याच इमारतीतून फोन आला की किती यंत्रे न्यायची आणि किती वाजता जागा रिकामी करून देऊ असे सांगायचे, हे त्या कागदावरून काढता येते.